साडेनऊ फुटी स्लॅबखाली कार लिफ्ट: घरच्या गॅरेजसाठी निवड कशी करावी

लिफ्ट विकणाऱ्याला फोन केला की तो पहिल्यांदा विचारतो, "किती टनी पाहिजे?" घरच्या गॅरेजसाठी हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आपल्या घरांतल्या बहुतेक गाड्या एक ते दोन टनांच्या आत असतात आणि तीन टनी लिफ्टला त्या जड जात नाहीत. अडतं ते डोक्यावरचा बीम, पायाखालची फरशी आणि भिंतींमधलं अंतर या तीन ठिकाणी. या तिन्हींची मापं विकणाऱ्याकडे नसतात, ती आपल्याकडेच असतात.

आमच्या बंगल्याचं गॅरेज दहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल आहे. मधे आडवा बीम, वर पंखा, समोर शटर. दहा-बारा वर्षं जॅक आणि स्टँडवर गाडी चढवून, पाठीखाली गोणपाट घेऊन काम केलं. पन्नाशीनंतर पाठीने नकार दिला आणि लिफ्टचा शोध सुरू झाला. त्या शोधात ज्या क्रमाने गोष्टी कराव्या लागल्या (आणि ज्या क्रमाने करायला हव्या होत्या), तो क्रम इथे देतो.

आधी ठरवा: उभं राहून की बसून?

माझी उंची पाच फूट सात इंच, म्हणजे १७०० मिमी. मान न वाकवता गाडीखाली उभं राहायचं तर गाडीचा तळ निदान १८०० मिमीवर हवा. जुन्या स्विफ्टचं छप्पर साइड सिलपासून (दारांखालची आडवी कड) जवळपास १३०० मिमी वर असतं. बेरीज ३१००. वर थोडी मोकळीक धरली की झाले साडेदहा फूट. साडेनऊ फुटांत हे बसत नाही, त्यामुळे उभ्याने काम करण्याचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडला.

आता बसून बघू. एक फुटी स्टुलावर बसलो की माझं डोकं साधारण ११८० मिमीवर येतं. म्हणजे सिल १२०० मिमीवर असलं तरी ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल, सायलेन्सर ही कामं आरामात होतात. आपल्याकडचा मेस्त्री तर आयुष्यभर उकिडवा बसून गिअरबॉक्स उतरवत आलेला आहे, त्याला तेवढीही उंची लागत नाही. परदेशी व्हिडिओंत माणसं गाडीखाली उभी असतात म्हणून आपल्यालाही तेच हवंसं वाटतं, एवढंच.

खरेदीआधी एक प्रयोग जरूर करा. दोन ड्रमांवर किंवा टेबलांवर प्लायवूडची शीट १२०० मिमीवर आडवी ठेवा आणि तिच्याखाली स्टुलावर बसून, हातात पाना धरून, अर्धा तास वर हात करून बसा. खांदे भरून येतात का, मान अवघडते का, हत्यारांचा ट्रे कुठे ठेवावासा वाटतो, सगळं कळतं. मग शीट ९०० वर आणून पुन्हा बसा. माझा आकडा या प्रयोगातून ठरला: १२०० चांगलं, १००० चालेल, ७०० ला झोपावंच लागतं.

टेप घ्या, आणि स्लॅब सोडून बाकी सगळं मोजा

"आमची उंची साडेनऊ फूट" असं आपण म्हणतो ते स्लॅबच्या तळापर्यंतचं माप असतं. गाडी आपटते ती स्लॅबच्या खाली असलेल्या वस्तूंना. माझ्याकडे स्लॅबचा तळ २८७० मिमीवर निघाला आणि बीमचा तळ २४९० वर, म्हणजे पंधरा इंच खाली. पंख्याची पाती साधारण बीमइतकीच खाली. शटरच्या गुंडाळीची पेटी त्याहूनही खाली, पण ती दारापाशी होती म्हणून सुटलो.

कागदावर गॅरेजचा आडवा छेद काढा आणि त्यात प्रत्येक अडथळा दारापासून किती अंतरावर आणि जमिनीपासून किती उंचीवर ते लिहा. बीम, पंखा, ट्यूबलाइट, टाकीकडे जाणारा पाइप, इन्व्हर्टरची फळी, माळ्यावर जायची शिडी. पंखा काढून भिंतीवरचा लावता येतो, ट्यूब भिंतीवर नेता येते. बीमला मात्र हात लावायचा नाही. "दोन इंच तासून घेऊ" म्हणणारा गवंडी भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

अमेरिकेतल्या घरांत बीमऐवजी सरकत्या दाराचे रूळ आडवे येतात. तिथल्या गॅरेजची उंची बऱ्याचदा आठ-नऊ फूटच असते आणि दार उघडलं की ते छताखाली आडवं झोपतं, नेमकं गाडीच्या वर. तिथे रूळ उंच करून मोटर दाराशेजारच्या भिंतीवर घ्यावी लागते. टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी आणखी एक बघावं: तिथल्या अनेक घरांच्या जमिनीत ताणलेल्या पोलादी केबल असतात. तशी सूचना गॅरेजच्या काँक्रीटवर बहुधा छापलेली असते. अशा जमिनीत तपासणीशिवाय ड्रिल घालायचं नाही.

हिशेब: इथेच बहुतेक जण चुकतात

लिफ्टच्या माहितीपत्रकात "कमाल उंची १२००" लिहिलेली असते. लोक तीत गाडीची पूर्ण उंची मिळवतात आणि बसत नाही म्हणून सोडून देतात. पण लिफ्ट गाडीला कुठे धरते त्यावर हिशेब बदलतो.

टू-पोस्ट (दोन खांबी) आणि मिड-राइज सीझर (कात्रीसारखी उघडणारी, मध्यम उंचीची) लिफ्ट गाडीला सिलखाली पॅड लावून धरतात. सिल आधीच जमिनीपासून वर असतं. माझ्या स्विफ्टची उंची १५३० आणि सिल २३५ वर. म्हणून छप्पर कुठे पोचेल ते असं:

पॅडची कमाल उंची + (गाडीची उंची − सिलची उंची)
१२०० + (१५३० − २३५) = २४९५ मिमी

फोर-पोस्ट (चार खांबी) लिफ्टवर मात्र गाडी रॅम्पवर, म्हणजे चाकांखालच्या पट्ट्यांवर, उभी असते, तिथे रॅम्पच्या उंचीत गाडीची पूर्ण १५३० मिळवावी लागते. त्याच १२०० ला छप्पर २७३० वर जातं. एकाच उंचीच्या दोन लिफ्टमध्ये नऊ इंचांहून जास्त फरक पडतो तो असा.

२४९५ चा अर्थ माझ्या बाबतीत फार मजेशीर होता: बीम २४९० वर. पाच मिलिमीटरनी धडक! स्लॅबखाली मात्र ३७५ मिमी मोकळे. म्हणजे उंची पुरेशी होती, गाडीचं छप्पर तेवढं बीमखाली येता कामा नये. गाडीचा सगळाच भाग सारखा उंच नसतो, बॉनेट छपरापेक्षा दीड-दोन फूट खाली असतं. गाडी उलटी आत घेतली, नाक शटरपासून चार फूट आत ठेवलं आणि बीम बरोबर बॉनेटच्या वर आला. मागे भिंतीशी सव्वा फूट उरला. लिफ्ट कुठे बसवायची हे असं बीमने ठरवलं.

तुमच्याकडे दोन गाड्या असतील तर उंच गाडीचा हिशेब करा. इनोव्हा क्रिस्टाची उंची १७९५ आहे आणि तिला चेसिसवर धरावं लागतं, त्यामुळे वरची मोकळीक चांगलीच आकसते. आणि पॅडवर लावायचे रबरी ठोकळे किंवा अ‍ॅडॅप्टर "कमाल उंची"त धरलेत की वेगळे, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. त्या एका ठोकळ्याने तीन-चार इंचांचा घोळ होतो.

बॉनेट आणि डिकी उघडून पुन्हा मोजा

गाडी बंद असताना मोजलेली उंची अर्धी गोष्ट सांगते. माझ्या गाडीची उघडलेली डिकी जमिनीपासून १९८० वर जाते. लिफ्ट पूर्ण वर नेली की गाडी ९६५ मिमी उचलली जाते (१२०० वजा २३५). बेरीज २९४५, स्लॅब २८७०. म्हणजे वर नेलेल्या गाडीची डिकी उघडायची नाही. उघडलेलं बॉनेट १७४० वर, तेही बीमखाली असल्यामुळे पूर्ण उंचीवर उघडता येत नाही.

यावर तोडगा साधा आहे. बॉनेट उघडं ठेवून करायची कामं खालच्या लॉकवर (लिफ्टला ठरावीक उंचीवर अडकवून धरणारा खटका) करायची. माझ्याकडे ७०० मिमी उचलेपर्यंत बॉनेट सुरक्षित राहतं, ती जागा लिफ्टवर लाल रंगाने आखून ठेवली आहे. शिवाय बीमपासून सुतळी सोडून तिच्या टोकाला लाकडी मणी बांधलाय, बीमच्या तीन इंच खाली. मणी हलला की बटण सोडायचं. लिमिट स्विच (ठरावीक उंचीला मोटर आपोआप थांबवणारा) बसवता येत असेल तर तोही बसवा, पण सुतळी काढू नका.

जमीन: वरून फरशी, खाली काय?

उंचीवर सगळे बोलतात, जमिनीवर कोणी बोलत नाही. कारखान्याच्या जमिनीचा विचार करून लिफ्ट बनवलेली असते. आपल्या पार्किंगमध्ये वरून शहाबादी किंवा पेव्हर ब्लॉक, खाली दोन-तीन इंच वाळू-सिमेंट, त्याखाली नावापुरतं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), मग सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरूम. अशा जमिनीत अँकर बोल्ट ठोकला तर तो फक्त फरशीला धरतो.

तपासायचं असं: लिफ्ट जिथे येणार त्या जागेच्या कोपऱ्यात फरशीचा एक तुकडा काढा आणि हॅमर ड्रिलने १२ मिमीचं भोक पाडा. निघणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. राखाडी भुकटी येते तोवर काँक्रीट आहे. तांबूस किंवा पिवळी यायला लागली की मुरूम लागला. त्या क्षणी ड्रिल किती आत गेलंय ते मोजा. माझ्याकडे राखाडी भुकटी जेमतेम अडीच इंच आली.

टू-पोस्टसाठी उत्पादक साधारणपणे किमान चार इंच जाड आणि ३००० पीएसआय (दाब सोसण्याचं माप) ताकदीचं काँक्रीट मागतात. आपल्याकडच्या काँक्रीटच्या दर्जांपैकी एम-२० त्याच्या जरा खाली पडतं, म्हणून एम-२५ धरा. नवीन ओतलेल्या काँक्रीटला २८ दिवस द्या, पाणी मारा, आणि त्याआधी कितीही घाई झाली तरी बोल्ट कसू नका. सीझर लिफ्टचं वजन रुंद पायावर पसरतं, त्यामुळे तिच्या मागण्या थोड्या सौम्य असतात. तरीही फरशीवर ती ठेवायची नाही, फरशी तडकते आणि पाया डुगडुगतो.

आणि ड्रिल उचलण्याआधी घराचा जुना नकाशा काढा. आपल्याकडे पाण्याची जमिनीखालची टाकी बहुतेकदा पार्किंगखालीच असते, कधी सेप्टिक टँकही. टाकीच्या स्लॅबवर लिफ्ट हा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मनातही आणू नका.

उतार राहिला. गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्याने पार्किंगला ढाळ दिलेला असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची लेव्हल बघा, गवंडी बघतो तशी. माझ्याकडे तीन मीटरमध्ये ३५ मिमी निघाला. लिफ्टखाली लोखंडी पट्ट्या घालून थोडा फरक भरता येतो, एवढा नाही. मी फरशी उखडून लिफ्टपुरता सपाट पट्टा ओतून घेतला आणि कडेने पाण्याला पन्हळ दिली.

आता प्रकार बघा

इथपर्यंत आलात तर निम्मे पर्याय आपोआप गळालेले असतात.

टू-पोस्ट. कामासाठी सगळ्यांत चांगली, गाडीचा पोट-तळ पूर्ण मोकळा. पण दोन खांबांसकट तिची रुंदी बऱ्याचदा ३३०० ते ३४०० मिमी असते. दहा फूट म्हणजे ३०५० मिमी, त्यामुळे आमच्या गॅरेजचा निकाल उंचीआधी रुंदीनेच लागला. वरून आडवा पूल असलेली टू-पोस्ट साडेअकरा-बारा फूट उंच असते, ती घरात विसरा. ज्यांचे केबल आणि पाइप जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात ती साधारण साडेनऊ फूट उंच, म्हणजे आपल्या स्लॅबला टेकणारी. त्याहून बुटक्या, काम झालं की बोल्ट काढून बाजूला उभ्या करता येणाऱ्या दोन खांबी लिफ्टही मिळतात. रुंद गॅरेज आणि पक्कं काँक्रीट असेल तर त्या बघण्यासारख्या आहेत.

फोर-पोस्ट. एक गाडी वर ठेवून दुसरी खाली लावायला चांगली. पण दोन स्विफ्टचे ३०६० मिमी, मधला रॅम्प आणि मोकळीक धरून अडीचशे, म्हणजे जवळपास अकरा फूट. कमी छताच्या घरात हे स्वप्न सोडा. शिवाय चाकं काढायला वेगळा जॅक लागतो.

मिड-राइज सीझर. साडेनऊ फुटांसाठी माझं मत हिच्या बाजूने. पुढे-मागे खांब नाहीत, खाली बसली की चार-पाच इंचांत आडवी होते आणि तिच्यावरून गाडी आत घेता येते. दोष एकच, पण मोठा: दोन्ही बाजूंना जोडणारी कात्री मधे असेल तर गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा मधला भाग झाकला जातो. म्हणून मधे मोकळी जागा सोडणाऱ्या, दोन वेगळ्या प्लॅटफॉर्मच्या मॉडेलचा आग्रह धरा. खाली बसल्यावरची तिची उंची तुमच्या गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा कमी आहे ना, हेही बघा, आणि ते माप गाडीत चार माणसं बसवून घ्या.

सुटे जॅक-फ्रेम. क्विकजॅकसारख्या दोन लांब चौकटी, गाडीच्या दोन्ही बाजूंना सरकवायच्या. गाडी वीस इंचांच्या आसपास उचलली जाते, म्हणजे झोपूनच काम. पण बोल्ट नाही, खोदकाम नाही, भिंतीला टांगून ठेवता येतात. भाड्याचं घर असेल किंवा छत आठ फुटांचं असेल तर मी दुसरं काही घेणार नाही.

अपार्टमेंटच्या खालच्या सामाईक पार्किंगमध्ये यातलं काहीही बसवू नका.

"एवढं कशाला, खड्डा काढा"

हा सल्ला तुम्हाला निदान तीन जण देतील, मला सासऱ्यांनी दिला. जुन्या गॅरेजांत खड्डा असतोच आणि छताची अडचण त्याने खरंच सुटते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते आणि साध्या दिव्याच्या ठिणगीने पेट घेते. पावसाळ्यात पाणी पाझरतं, आमच्या गल्लीत तर जुलैत बोअरशिवाय पाणी लागतं. खड्ड्यावरची फळी कोणीतरी एकदा विसरतंच. घरात लहान मुलं असतील तर विषय संपला.

याच्या जोडीला एक गैरसमज. सीझर लिफ्ट जमिनीत फूटभर खाली बसवली तर उंची वाढते असं सांगतात. वाढत नाही. लिफ्टचा पाया खाली गेला की पॅडची कमाल उंचीही तेवढीच खाली जाते. जमीन सपाट दिसते हा फायदा खरा, पण त्यासाठी फूटभर खोल, पाणी न साचणारं बांधकाम करावं लागतं.

वीज

फोनवर मला "सिंगल फेज आहे" सांगितलं आणि आली ती ४१५ व्होल्टची थ्री-फेज मोटर. बदलून यायला तीन आठवडे लागले. म्हणून मोटरवरच्या नेमप्लेटचा फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका.

सिंगल फेज २.२ किलोवॉटची मोटर चालताना बारा-तेरा अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना मात्र त्याच्या कितीतरी पट. तिच्यासाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, सी-कर्व्हचा एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारी) लावून घ्या. वीजबिलावरचा मंजूर भार बघा, एसी आणि गीझर धरून पुरतो का ते वायरमनला विचारा.

वीज गेली तर? लॉकवर टेकवलेली गाडी खाली आणायला आधी ती किंचित उचलावी लागते, तेव्हाच लॉक सुटतं. वीज नाही म्हणजे उचलता येत नाही, म्हणजे गाडी वरच. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ही मोटर सुरू होत नाही. हातपंपाची सोय आहे का हे खरेदीआधी विचारा. सुट्या जॅक-फ्रेमचं पॉवर युनिट १२ व्होल्टचं मिळतं, ते गाडीच्या बॅटरीवर चालतं.

पैसे देण्याआधी आणि माल आल्यावर

युरोपात वाहनांच्या लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र. नुसत्या सीई (युरोपीय नियम पाळल्याची खूण) स्टिकरवर थांबू नका, त्याच मॉडेलचा चाचणी-अहवाल मागा. मेकॅनिकल लॉक किती उंचींवर लागतं, दोन्ही बाजू एकसारख्या वर जाव्यात यासाठी काय व्यवस्था आहे, सील किट कुठे मिळेल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर अडखळत आलं तर दुसरं दुकान गाठा.

माल चार-पाचशे किलोंपर्यंत असू शकतो. ट्रकवाला तो रस्त्यावर सोडून जातो. कप्पी, पाइपचे रोलर आणि चार माणसं आधीच सांगून ठेवा.

पहिल्यांदा गाडी उचलताना पॅड सिलच्या खाचांखालीच बसलेत याची चारही बाजूंनी खात्री करा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पॅड बॅटरीच्या पेटीला लागता कामा नये. चाकं जमिनीपासून सहा इंच सुटली की थांबा, बंपर धरून गाडी जोरात हलवा. डुगडुगली तर खाली घ्या आणि पॅड पुन्हा लावा. वर नेल्यावर लॉकचा खटका ऐकू आला की बटण सोडून गाडी थोडी खाली घ्या, लॉकवर पूर्ण टेकू द्या. तेलाच्या दाबावर लटकलेल्या गाडीखाली बसायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. आठवडाभराने अँकर बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

खाली आणताना वाकून लिफ्टखाली बघा. आमच्या मांजराला उन्हाळ्यात त्या गार काँक्रीटवर, नेमकं कात्रीच्या मधोमध, झोपायची सवय लागली आहे. ते मोटरच्या आवाजाने उठत नाही. त्याला हाताने उचलून बाहेर ठेवावं लागतं, मग मेन स्विच चालू करायचा.